जवळच्या माणसाला चिठ्ठी मागत नाही आणि पतसंस्थेला ताळेबंद मागत नाही

इतवारीकर

पैशाच्या व्यवहारात कोणावर, कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा, याची आपली रीत उलटी झाली आहे, असे मला गेली काही वर्षे वाटते आहे आणि त्यावर नागपूरच्या जाणकार मंडळींशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढतो आहे. मावसभावाला मुलीच्या लग्नासाठी दोन लाख रुपये हातउसने देताना आपण साधी चिठ्ठीही लिहून घेत नाही, कारण ती मागितली तर तो दुखावेल आणि चार नातेवाइकांत बोलणे होईल, अशी भीती असते. मात्र निवृत्तीच्या वेळी हाती आलेले दहा-बारा लाख रुपये वस्तीतल्या पतसंस्थेत थोड्या जास्त व्याजासाठी ठेवताना संस्थेचा ताळेबंद, लेखापरीक्षणात मिळालेला वर्ग किंवा थकबाकीचे प्रमाण यांपैकी काहीही आपण विचारत नाही. संचालक ओळखीचे आहेत आणि गणेशोत्सवात पुढे असतात, एवढे आपल्याला पुरते. ज्याला आपण आतून-बाहेरून ओळखतो त्याच्याशी कागद न करणे एक वेळ समजू शकते. ज्याच्या कारभाराची काहीच माहिती नाही त्याच्याकडे कागद न पाहणे मला समजत नाही.

नागपूरच्या जुन्या इतवारी बाजारपेठेत व्यवहार नुसत्या शब्दावर चालत, असे अभिमानाने सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. हुंडीचेच, म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीचेच पाहा. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत, आणि पुढे हुंडी खोटी निघाली तर ती सादर करणाऱ्या त्या शहाला जबाबदार धरले जाई. म्हणजे शब्दामागे चौकशी होती, रोज संध्याकाळी जुळवलेली कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही होती आणि दिवाळीला खाती चुकती करण्याची शिस्त होती. हे सारे केल्यानंतर जे उरत असे त्याला विश्वास म्हणत. आपण मधले सारे गाळले आणि शेवटचा शब्द तेवढा ठेवला.

माझे म्हणणे असे की लिहून घेणे हा अविश्वास नाही. दिलेली रक्कम, तारीख आणि परतफेडीची मुदत कागदावर असली, तर पाच वर्षांनी दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तरी नाते तुटण्याची वेळ येत नाही. आपणांस काय वाटते?

निवृत्त शाखाधिकारी

इतवारीकर, आपला मुद्दा मला मान्य आहे, पण नुसता कागद असून भागत नाही. सही करणाऱ्याने तो वाचलेला असावा लागतो. बँकेतील नोकरीत मला सर्वांत जास्त त्रास झाला तो कर्जदारांमुळे नव्हे, जामीनदारांमुळे. शेजाऱ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना ‘फक्त सही तर करायची आहे’ असे म्हणून माणसे सही करून जात. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि तो पूर्ण बुडाला तरच आपल्याकडे यावे, ही सर्वांची समजूत चुकीची आहे. करारात वेगळे ठरलेले नसेल, तर बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते.

त्याच कायद्याच्या कलम १३३ नुसार जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. पण बँकांच्या छापील जामीनपत्रात हा हक्क सोडून दिल्याचे कलम बहुधा असते, आणि ते वाचून हरकत घेणारे फारच थोडे. ज्याच्यासाठी आपण जामीन राहतो त्याच्याबद्दलचे प्रेम खरे असते, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्या प्रेमाची किंमत किती लाख रुपये आहे, हे सही करतानाच माहीत असले पाहिजे.

महालातली

इतवारीकर दादा, तुम्ही म्हणता ते हिशेबाने बरोबर असेल, पण काही मदत परत येण्यासाठी दिलेलीच नसते. दवाखान्यात दाखल असलेल्या नणंदेसाठी पैसे देताना मी चिठ्ठी मागणार नाही आणि कोणी मागावी असे मला वाटत नाही. चिठ्ठी केली की देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष पडतात, आणि सणावाराला एका पंगतीत बसताना ते दोघांच्याही मनात राहते.

इतवारीकर

ताई, आपल्याशी मी सहमत आहे. जे परत मिळाले नाही तरी चालेल असे आपण मनाशी ठरवले आहे, ते द्यावे आणि विसरावे. त्याला कर्ज म्हणूच नये. अडचण मधल्या रकमांची आहे. देताना आपण उदारपणे ‘सावकाश दे’ म्हणतो, पण ते पैसे आपल्यालाही मुलाच्या शिक्षणासाठी लागणार असतात. ‘सावकाश’ म्हणजे घेणाऱ्याच्या मते पाच वर्षे आणि देणाऱ्याच्या मते पुढची दिवाळी.

काटोलचा बगीचावाला

येथे सर्वांनी शेतकरी नेहमी कर्ज घेणाराच असतो, असे धरून चालू नये, म्हणून लिहितो. आमच्या संत्रा पट्ट्यात शेतकरी व्यापाऱ्याला उधार देतो, आणि ती उधारी कोणत्याही वहीत उधारी म्हणून नोंदली जात नाही.

फळ झाडावर असतानाच व्यापारी बगीचा पाहून उक्ता, म्हणजे सगळ्या मालाचा एकरकमी सौदा करतो. इसार म्हणून थोडी रक्कम हाती देतो आणि बाकीची तोडणीच्या वेळी द्यायचे ठरते. त्या क्षणापासून बगीचा त्याचा झाला. आम्ही दुसऱ्याला विकू शकत नाही, आणि स्वतः तोडून कळमन्याच्या बाजारात नेले तर सौदा मोडल्याचा ठपका आमच्यावर येतो. आता भाव चढला तर व्यापारी दुसऱ्याच दिवशी माणसे आणि क्रेट घेऊन हजर होतो. भाव पडला तर तो येत नाही. फोन उचलत नाही, आज-उद्या करतो. तिकडे फळगळ सुरू होते, झाडावर जास्त दिवस राहिलेले फळ पोकळ पडते, आणि पुढच्या बहारासाठी झाडांचे पाणी तोडून ताण द्यायचा राहून जातो. शेवटी तो येतो आणि ठरलेल्या रकमेत काट मागतो. त्या वेळी आमच्या हाती काहीही उरलेले नसते, कारण नाशवंत मालाच्या सौद्यात ज्याच्या हाती वेळ आहे त्याच्या हाती सर्व काही आहे. बांगलादेश हा आमच्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्या देशाने गेल्या काही वर्षांत आयातशुल्क वाढवत नेले, तेव्हा असे अर्धवट सोडलेले सौदे आमच्या भागात फार झाले.

म्हणून मी आता इसारचिठ्ठीवर तोडणीची शेवटची तारीख लिहून घेतो. त्या तारखेला माल उचलला नाही तर इसार माझा आणि बगीचा मोकळा, एवढी एकच ओळ. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याने ‘भाऊ, एवढाही भरोसा नाही काय?’ असे विचारून सौदा सोडला. दुसऱ्याने काही न बोलता सही केली, भाव पडल्यावरही ठरल्या दिवशी माल उचलला, आणि मी आता त्याच्याशिवाय कोणाला बगीचा दाखवतही नाही. माझ्या अनुभवात चिठ्ठीला सर्वांत जास्त तोच घाबरतो, ज्याला पुढे मोकळीक हवी असते.

जुनी दप्तरे

बगीचावाल्या भाऊंचा अनुभव मोलाचा आहे, पण कागदाच्या बाजूने इतके एकमत होत असताना दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून आपण तो शाळेत वाचलेला असतो. त्या शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर किंवा धान्यावर नव्हता; त्यांना कर्जरोखे, गहाणखते आणि न्यायालयाचे हुकूमनामे हवे होते. ते मिळाले की ते जाळत, आणि जेथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तेथे बहुधा पुढे मारहाण होत नसे.

या लोकांना कागदाचा एवढा राग का होता? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, शेतसारा मात्र फेरआकारणीत वाढला, आणि जुन्या कर्जाच्या व्याजासकट नवे रोखे लिहून घेतले जाऊ लागले. कर्जदाराला वाचता येत नव्हते. रोख्यात काय लिहिले आहे ते सावकाराला माहीत, आणि दिवाणी न्यायालय त्यावरचा अंगठा पाहून निकाल देई. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची सक्ती केली, आणि पावती व खात्याचा उतारा मागण्याचा हक्क कर्जदाराला दिला.

हा प्रश्न आपल्याकडेही होताच. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज तडजोडीचा आणि १९३४ साली सावकारी नियंत्रणाचा कायदा झाला. तेव्हा ‘लिहून ठेवा’ एवढे सांगणे अपुरे आहे. कोणी लिहिले, कोणाच्या भाषेत लिहिले आणि प्रत कोणाकडे राहिली, हे विचारले पाहिजे.

इतवारीकर

जुनी दप्तरे, आपल्या आक्षेपामुळे माझे म्हणणे मला अधिक नेमके करावे लागते. कागद दोघांच्या हातात हवा आणि दोघांना वाचता यायला हवा. एकाच्याच तिजोरीत राहिलेला कागद विश्वास वाढवत नाही, सत्ता वाढवतो. नियमसुद्धा हळूहळू याच दिशेने आले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांसाठी बँकांनी व वित्तसंस्थांनी मुख्य अटींचे एक पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे, आणि त्यात सर्व शुल्के धरून वर्षाचा खरा दर दाखवावा, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. कर्ज पूर्ण फेडल्यावर मिळकतीची मूळ कागदपत्रे ३० दिवसांच्या आत परत करावीत आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, हा २०२३ चा आदेशही त्याच जातीचा आहे. आपण मात्र मराठीतले पत्रक मागतो का? मी आतापर्यंत ज्यांना विचारले त्यांपैकी कोणीही मागितलेले नव्हते.

सहयोगिनी

मी उमरेड आणि कुही भागातील महिला बचत गटांबरोबर काम केले आहे. गटाची पंचसूत्री येथे पुष्कळांना ठाऊक असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब लेखन. बाहेरून पाहणाऱ्याला यातली बचत महत्त्वाची वाटते. माझ्या मते गट तरतो तो बैठकीवर आणि हिशेब मोठ्याने वाचण्यावर. गटात दहा ते वीस जणी असतात, त्यांतल्या काहींना वाचता येत नाही. म्हणून सचिव प्रत्येकीचे नाव घेऊन तिची बचत, तिचे कर्ज, तिचा राहिलेला हप्ता सर्वांसमोर वाचते. चूक असेल तर तेथल्या तेथे बाई बोलते. जुनी दप्तरे यांनी विचारलेल्या प्रश्नाचे बायकांनी काढलेले उत्तर हे आहे.

दुसरी गोष्ट कर्ज न फेडता येण्याची. एखादीचा हप्ता चुकतो तेव्हा ती कारण सांगते. नवरा आजारी पडला, बैल मेला, सोयाबीनचे पैसे यायचे आहेत. ते कारण खरे आहे की नाही हे बाकीच्या जणींना माहीत असते, कारण त्या तिच्याच गल्लीत राहतात. मग हप्ता पुढे ढकलायचा की दंड लावायचा हे ठरते आणि तेही वहीत लिहिले जाते. कर्जात विश्वास आहे की नाही, हे हप्ते वेळेवर येत असताना कळतच नाही. हप्ता चुकला त्या दिवशी काय घडते त्यावरून कळते.

याच बायका दुसऱ्या बाजूने खासगी वित्तसंस्थांच्या गटकर्जातही असतात. तेथेही गटाचीच हमी असते, पण कारण ऐकणारे कोणी नसते. वसुलीला आलेल्या मुलाच्या हातात कारण ऐकून घेण्याचा अधिकारच दिलेला नसतो. तो सर्व जणींना बसवून ठेवतो, आणि एकीचा हप्ता भरण्यासाठी दुसरी तिसरीकडून उसने आणते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्ताचे, म्हणजे अशा छोट्या कर्जांचे जे संकट उभे राहिले, त्यामागे एकाच घराला अनेक संस्थांनी दिलेली कर्जे आणि असाच वसुलीचा ताण होता. ओळखीचा उपयोग कारण समजून घेण्यासाठी करायचा की लाज वाटायला लावण्यासाठी, यावर सारे अवलंबून आहे.

बर्डीचा नोकरदार

सहयोगिनी ताईंचे म्हणणे वाचून पतगुणांकाबद्दल लिहावेसे वाटले. सिबिल या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो, आणि तो बँकेच्या व कार्डाच्या हप्त्यांवरून ठरतो. माझ्या वडिलांनी किराणा दुकानाची उधारी कधी एक महिनाही थकवली नाही, घरभाडे वर्षानुवर्षे पाच तारखेच्या आत दिले, तरी त्यांच्या नावावर कर्जाचा इतिहास नसल्यामुळे बँकेच्या दृष्टीने त्यांची पत कोरी होती. माझा स्वतःचा हप्ता नोकरी सुटली त्या काळात चुकला. तो चुकल्याची नोंद अजून दिसते. नोकरी सुटल्याची दिसत नाही.

तरीही मी गुणांकाच्या विरोधात नाही. ओळख नसलेल्या, शिफारस नसलेल्या मुलाला बँकेत विचारले जाऊ लागले ते याच नोंदींमुळे. पूर्वी शाखेत कोणाचा पुतण्या आहे यावर पुष्कळ ठरत असे. माझी तक्रार एवढीच आहे की आपण ही नोंद वाचत नाही. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चूक दाखवूनही ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. जे जामीन राहिले आहेत त्यांनी तर हा अहवाल अवश्य पाहावा, कारण ती जबाबदारीही त्यात दिसते. आणि तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलेले असेल, तर त्यापुढे ‘पूर्ण फेडले’ ऐवजी ‘तडजोड’ असा शेरा राहतो. हे सांगण्याची तसदी वसुलीवाले घेत नाहीत.

दिवाणी बाजू

मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे चिठ्ठीसंबंधी दोन-तीन बाबी स्पष्ट करतो. हातउसन्या रकमेच्या वसुलीसाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षे आहे, आणि मागणी करताच देय असलेल्या वचनचिठ्ठीवर (प्रॉमिसरी नोटवर) ती चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात. तीन वर्षे संपण्याआधी ऋणकोने, म्हणजे कर्ज घेणाऱ्याने सही करून देणे मान्य केले, तर मुदत नव्याने सुरू होते. ‘नातेवाईक आहे, कसे विचारायचे’ या संकोचात बहुतेकांची तीन वर्षे निघून जातात. वचनचिठ्ठीवर योग्य महसुली तिकीट नसेल तर ती पुराव्यात घेतली जात नाही, आणि ती उणीव नंतर दंड भरूनही दूर करता येत नाही. शिवाय २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. खात्यातून पैसे पाठवल्याने रक्कम गेल्याचे सिद्ध होते, ती कर्ज म्हणून गेली हे सिद्ध होत नाही. म्हणून पाठवतानाच शेऱ्यात ‘हातउसने’ असे लिहावे.

मुदत संपली म्हणजे दाव्याचा मार्ग बंद होतो. देणे मात्र नाहीसे होत नाही. करार कायद्याचे कलम २५ असे सांगते की मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी आणि सही करून दिले, तर त्या वचनावर पुन्हा दावा करता येतो. वडिलांचे मुदत संपलेले देणे मुलाने फेडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि तेथे न्यायालयाचा काही संबंध नव्हता.

महालातली

वकील साहेब, आमच्या भागात महिन्याला दहा टक्क्यांनी पैसे देणारे आहेत आणि ते कोरा धनादेश घेऊन ठेवतात. त्यांचे काय?

दिवाणी बाजू

व्यवसाय म्हणून व्याजाने पैसे देण्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परवानाधारकालाही चक्रवाढ व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. जुना दामदुप्पटीचा नियम तोच. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करायची असते. कोरा धनादेश मात्र देऊ नका, ताई. तो देणे म्हणजे रक्कम भरण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देणे आहे.

इतवारीकर

आता मी पहिल्या लेखनात मांडलेल्या दुसऱ्या बाजूकडे यावे अशी विनंती करतो, कारण घरगुती उधारीवर भरपूर बोलणे झाले आणि ठेवींवर कोणीच बोलले नाही. शाखाधिकारी साहेब, पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्या सामान्य माणसाने नेमके काय पाहावे?

निवृत्त शाखाधिकारी

सर्वांत आधी हे समजून घ्यावे की पतसंस्था बँक नाही. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. ठेव ठेवणे म्हणजे संस्थेला कर्ज देणेच आहे, म्हणून जे प्रश्न बँक कर्जदाराला विचारते तेच ठेवीदाराने संस्थेला विचारावेत. लेखापरीक्षणाचा वर्ग अ, ब, क की ड आहे, थकीत कर्जाचे प्रमाण किती आहे, संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिले आहे. वार्षिक अहवालात हे पाहायला मिळते. जादा व्याजदर दिसला की हे पैसे आपल्याला एवढे व्याज देऊन संस्था कोणाला आणि किती दराने देते, असे विचारावे. ज्याला बँका कर्ज देत नाहीत असाच कर्जदार बहुधा तेथे सापडतो.

मार्च अखेरनंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. बहुतेक ठेवीदार त्या सभेला जात नाहीत, आणि गेले तरी अहवाल न उघडता परत येतात.

बर्डीचा नोकरदार

आईची ठेव अशाच एका संस्थेत आहे. आम्ही या वर्षी सभेला जाऊन संचालकांच्या कर्जाबद्दल विचारणार आहोत.

निवृत्त शाखाधिकारी

जाण्यापूर्वी आईंच्या सभासदत्वाची पावती तपासा. पुष्कळ ठेवीदारांना संस्था नाममात्र सभासद करून घेते आणि नाममात्र सभासदाला मतदानाचा अधिकार नसतो. त्या नाममात्र असतील तर संस्थेचा भाग (शेअर) विकत घेऊन नियमित सभासदत्वासाठी आजच लेखी अर्ज द्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि अहवालाची प्रतही त्याच अर्जात मागा.